बाप उठून बाहेर गेला

कॅम्पातली पोरं मला 'चौथी' म्हणायची. नाव जेमेली, पण ते पासपोर्टवर आणि आईच्या तोंडी. आठशे मीटरच्या निवड चाचणीत मी तीन वेळा चौथी आले, आणि जागतिक स्पर्धेला देशाच्या संघात बायका जातात तीनच. चौथीला टाळ्या मिळतात, पाठीवर थाप मिळते आणि "पुढच्या वर्षी नक्की" असं सांगायला दहा जण येतात. त्या दहा जणांच्या कानाखाली वाजवावी असं मला दर वेळी वाटायचं.

तिसऱ्यांदा चौथी आले त्या वर्षी मी अठ्ठावीसची होते. गुडघा सकाळी जिना उतरताना बोलायला लागला होता. सहा वर्षांची माझी मुलगी माझ्या आईकडे वाढत होती आणि आजीलाच आई म्हणत होती. माझ्यासाठी पुढचं वर्ष नव्हतं.

पहिली आली जेलागात. सतरा वर्षांची, माझ्याच गावची, काप्सिरोची. कॅम्पात माझ्याच खोलीत राहायची. खांदे रुंद, आवाज घोगरा, छाती सपाट. मटाटू गाडीतला कंडक्टर तिला बिनदिक्कत म्हणायचा, "भाऊ, सरक जरा." ती हसून सरकायची. पण शेवटच्या दीडशे मीटरला ती माझ्या बाजूनं जायची, तेव्हा मी उभीच आहे की काय असं वाटायचं. पोर गुणाची होती. माझे बूट न सांगता घासून ठेवायची, चहात माझ्यासाठी साखर जास्त घालायची. मी तो चहा प्यायचे आणि तिच्या पाठीकडे बघत विचार करायचे, ही पाठ बाईची आहे का?

आमचे कपडे एकाच दोरीवर वाळायचे. दोन वर्षांत पाळीचं म्हणून तिचं काही त्या दोरीवर आलं नाही, हे मला ठाऊक होतं. पळणाऱ्या पोरींची पाळी उशिरा येते, आलेली वर्ष वर्ष थांबते, माझीसुद्धा थांबली होती, हेही ठाऊक होतं. पण माणूस सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतो.

मग वरून नियम आला. बायकांच्या शर्यतीत धावायचं तर आधी तपासणी. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, ती प्रयोगशाळेत जाणार, आणि तिथले लोक ठरवणार तुम्ही बाई म्हणून धावायचं की नाही. आमच्या काड्या गेल्या, दाखले आले. राहिली जेलागात. ती अठराच्या आतली, म्हणून तिच्या कागदावर बापाची संमती हवी होती. संमती आली नाही तर नमुना पाठवायचाच नाही, आणि तपासणी नाही तर संघात जागा नाही. आणि तिची जागा गेली तर जाणार चौथी.

आणि तिच्या तपासणीच्या दिवशी दुभाषी म्हणून आमचे प्रशिक्षक सिट्येनेई सर यांनी पाठवलं कुणाला, तर मला. "डॉक्टर नैरोबीची आहे. जेलागातच्या बाबांना आपल्या नांदी बोलीशिवाय दुसरी भाषा येत नाही. तू गावची, तू जा बरोबर." मांजराला दुधाची राखण म्हणतात ती हीच. सर साधे होते. त्यांच्या डोक्यातही आलं नसेल.

जेलागातचे बाबा म्हणजे तापकिगेन. आता त्यांच्याबद्दल सांगायला हवं. तापकिगेन जन्मले बाई म्हणून. लग्न झालं, मूल झालं नाही, नवरा गेला, मागे टेकडीवरची जमीन राहिली आणि तिला वारस नाही. अशा बाईला आमच्यात एक वाट असते. तिनं गाई द्यायच्या, पोरगी मागायची, रीतसर लग्न लावायचं, आणि त्या दिवसापासून ती पुरुष. बायको आपल्या पसंतीच्या माणसापासून मुलं जन्माला घालते. मुलं मात्र या नवऱ्याची, नाव याचं, जमीन याची. जेलागात ही त्या घरातली एकुलती एक. तिची आई दोन वर्षांपूर्वी वारली. तापकिगेनबाबा डोक्यावर हॅट, अंगात लांब कोट, हातात काठी असे हिंडायचे, म्हाताऱ्यांच्या बैठकीत बसायचे. गावात कुणी चुकूनसुद्धा त्यांना बाई म्हणत नसे. मी लहानपणी एकदा म्हणाले होते, आणि आईनं माझ्या थोबाडीत दिली होती.

तर असे आम्ही तिघं एल्डोरेट शहरातल्या दवाखान्यात पोचलो, तेव्हा तीन वाजून गेले होते. नमुने घेऊन जाणारी गाडी चारला सुटणार होती, आणि संघाची नावं दुसऱ्या दिवशी पाठवायची होती. आज नाही म्हणजे नाहीच. नर्सनं वेळ वाचवायला जेलागातला सरळ आतल्या खोलीत नेलं. "काडी फिरवून ठेवते, तोवर तुम्ही कागद करा." दार बंद झालं.

डॉक्टर म्वेंदे चाळिशीची बाई होती. दमलेली. टेबलावर अर्धा खाल्लेला चपाती-अंड्याचा रोल. तिनं ओळखपत्र बघितलं, बाबांकडे बघितलं, पुन्हा ओळखपत्र बघितलं.

"हे वडील?"

"हो," मी म्हणाले.

"इथं तर स्त्री लिहिलंय."

"आमच्याकडे असतं तसं."

"तुमच्याकडे बरंच काही असतं." तिनं पेन खाली ठेवलं. "मी इथं मुलगी बाई आहे की नाही ते तपासायला बसलेय, आणि तू बाप म्हणून बाई आणलीस?"

बाबांनी मला विचारलं, "काय म्हणते ही?" मी सांगितलं. ते रागावले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "तिला सांग, मला पुरुष करायला बारा म्हातारे सबंध दिवस बसले होते. भांडले, ओरडले, एक तर उठून घरी गेला. पण कुणी माझा झगा वर करून बघितलं नाही. त्यांनी विचारलं, तुझं काम काय आहे? मी म्हटलं, घर चालवायचं आहे. ते म्हणाले, मग चालव."

मी इंग्रजीत सांगितलं. डॉक्टर हसली, वाईट नाही हसली. "सोपं आहे तुमच्याकडे."

"सोपं?" बाबा म्हणाले. "तीस वर्षं झाली, बायकांच्या घोळक्यात बसून गप्पा मारल्या नाहीत मी. माझी सख्खी बहीण बाळंत होताना ओरडत होती आणि मी पुरुष म्हणून कुंपणाबाहेर उभा होतो. सोपं म्हणे!"

हे मी सांगितलं नाही. वेळ नव्हता. डॉक्टरनं कुठंतरी फोन केला आणि ठेवला. "कायद्यानं पालक तर आहेत ना? मग चालेल." तीन पस्तीस झाले होते. माझ्या मनात काहीतरी खाली बसलं. ते समाधान नव्हतं, हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली.

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. "तू पण धावतेस?"

"आठशे."

"चाचणीत कितवी?"

"चौथी."

"म्हणजे हे सगळं तुझ्यासारखीसाठीच चाललंय म्हणतात. मला हे काम आवडतं असं समजू नकोस. पण तुझ्यासारख्या इथं येऊन बसतात, रडतात, की आम्ही जीव तोडून पळायचं आणि बक्षीस दुसरीनंच न्यायचं का? त्यांना मी काय सांगू? आणि आत बसलेल्या पोरीला काय सांगू? तुला काय वाटतं, न्याय्य कुठलं?"

मला वाटत होतं ते हे, की मी अकरा वर्षं पहाटे उठले आहे आणि मला एकदा तरी जायचं आहे. याला न्याय म्हणतात की हाव, ते मला तेव्हा माहीत नव्हतं, आजही पुरतं माहीत नाही.

"बरं, सहीआधी दोन-चार प्रश्न," ती म्हणाली. "घरात कुणाला मूल न होण्याचा त्रास? आजार? शस्त्रक्रिया?" मी विचारत गेले, बाबा उत्तरं देत गेले. मग तिनं कागदावरून नजर न उचलता विचारलं, "मुलीला पाळी सुरू झालीय का? कधीपासून?"

इथं मला जपून बोलायला हवं.

आमच्यात मुलीच्या पाळीचं बोलणं बापाच्या कानावर पडत नाही. पडलं तर बाप उठून जातो. त्याच्या मानाचा प्रश्न असतो आणि मुलीच्याही. पण हेच आडून विचारायच्या आमच्याकडे दहा रीती आहेत. "पोर घरातली मोठी झाली का" म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी सरळ विचारलं. उघड्या शब्दांत, बापाच्या तोंडावर. घाईत सुचलं नाही असं मी स्वतःला सांगते. कधी पटतं, कधी नाही.

बाबा ताडकन उठले. हॅट डोळ्यांवर ओढली. "हे माझ्या कानांसाठी नाही, पोरी. हे तिच्या आईला विचारायचं होतं. तुम्ही बायका बायका बोलून घ्या. मी झाडाखाली आहे. संपलं की हाक मार, येऊन अंगठा देतो." आणि काठी टेकत बाहेर गेले. दार जरा जोरात लागलं.

डॉक्टरनं मान वर केली. "काय झालं? काय म्हणाल्या त्या?"

एवढंच सांगायचं होतं, की ते बाप आहेत म्हणून उठले. येतील आणि अंगठा देतील. पाच सेकंदांचं काम.

"त्या... गेल्या," मी म्हणाले.

"ते दिसलं मला. चिडल्या का?"

मी खांदे उडवले.

"संमती देणार नाहीत?"

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं घातलं, "डॉक्टर, निघू का? रस्त्याचं काम चाललंय." भिंतीवरच्या घड्याळात तीन पन्नास. डॉक्टर माझ्याकडे बघत होती. तिनं मला पुरेसा वेळ दिला, हे मला सांगितलंच पाहिजे. पेन कागदाच्या वर धरून ती थांबली होती, मी तोंड उघडावं म्हणून. माझ्या जिभेवर शब्द होता. मी तो गिळला.

"नकार लिहिते मग," ती हळू म्हणाली. "जबरदस्ती तर करता येत नाही." आतून नर्सनं नमुन्याची नळी आणून दिली होती. डॉक्टरनं तिच्यावरचं नाव वाचलं, कागदावर खूण केली आणि नळी पायाशी असलेल्या लाल बादलीत टाकली. टक् असा बारीक आवाज आला. बाहेर गाडी सुरू झाली.

जेलागात गाल चोळत बाहेर आली. "ताई, झालं सुद्धा! मला वाटलं सुई टोचतात. आता निकाल कधी?"

"कळवतील," मी म्हणाले.

झाडाखाली बाबा उभेच होते. अंगठा कोटाला पुसून तयार. "चल, कुठं लावायचा?"

गाडी फाटकापाशी वळण घेत होती. मी तेव्हाही ओरडले असते तर थांबली असती. मी चारशे मीटर छप्पन्न सेकंदांत पळते, ती गाडी मला पकडता आली असती.

"झालं बाबा. अंगठ्याची गरज नाही म्हणाल्या."

"बरं झालं," ते म्हणाले. "भली बाई आहे."

आठवड्यानं पत्र आलं. 'पात्रता सिद्ध न झाल्यामुळे महिला गटातून नाव वगळण्यात येत आहे.' एवढंच. सरांनी ते दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. असल्या गोष्टी सर मुलींना विचारत नाहीत. जेलागातनं तासाभरात सामान बांधलं. जाताना माझे बूट घासून ठेवले होते. "ताई, तू जिंकून ये," म्हणाली. मी तिला मिठी मारली. मारली, काय करणार?

मी गेले. पहिली फेरी पार केली, दुसरी केली, अंतिम शर्यतीत पाचवी आले. चौथीची पाचवी झाले. शेवटच्या दीडशे मीटरला माझ्या बाजूनं कुणी गेलं नाही. पुढच्या चौघी आधीच पुढं होत्या.

गावाला मात्र जगात पाचवी म्हणजे राणीच. तीन महिन्यांनी काप्सिरोला पोचले तर शाळेच्या मैदानात अख्खी टेकडी जमली होती. बायका गात होत्या, गळ्यात वेलींचे हार पडत होते. जिंकून आलेल्याला आमच्याकडे मुर्सिक देतात, कोळशानं धुरी दिलेल्या सुक्या भोपळ्यातलं आंबट दूध. ते द्यायचा मान घरच्या थोरल्याचा. माझे वडील नाहीत. त्यांच्या जागी भोपळा घेऊन तापकिगेनबाबा पुढं आले.

त्यांच्या मागं, पुरुषांच्या रांगेत, जेलागात उभी होती. डोकं भादरलेलं. अंगात मोठा लांब कोट, बाह्या बोटांवर आलेल्या. हातात हॅट.

"हे काय?" मी आईला विचारलं.

आई कानाशी लागली. "तुला नाही कळलं? परवा बैठक आहे. बाबा तिला मुलगा करून घेणारेत."

"कसला मुलगा? ती सतरा वर्षांची आहे!"

बाबांनी ऐकलं. भोपळा माझ्या हातात देत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तपासणीत पोर बाई निघाली नाही. रस्त्यानं पोरं काय काय ओरडतात तिला! म्हातारे म्हणतात, असं कधी झालं नाही. माझ्या वेळीही हेच म्हणाले होते. मी सांगितलं त्यांना, तिकडे तिला बायकांत घेत नाहीत ना? मग इकडे पुरुषांत घेऊ. जमीन तिच्या नावे, पुढं बायको करून देईन. माझी पोर अधांतरी लटकणार नाही." मग जरा खाली आवाजात, "तू पी, पोरी. तू आमचं नाव केलंस."

भोपळा जड होता. बायकांचं गाणं चाललंच होतं. जेलागात माझ्याकडे बघून हसली, खरं खरं हसली, माझ्यासाठी आनंद झाल्यासारखी. मी भोपळा तोंडाला लावला. खोकला आला, दूध हारांवर सांडलं. आई हसली, "सवय मोडली गं हिची!"

"तपासणी झालीच नाही," मी म्हणाले.

कुणाला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हणाले, ओरडून. गाणं आधी पुढच्या रांगेत थांबलं, मग मागं.

"बाबा, तुम्ही उठून गेलात ना, डॉक्टरला वाटलं तुम्ही नकार दिला. तिनं मला विचारलं. मी सांगितलं नाही. तुम्ही अंगठा द्यायला उभे होतात आणि मी झालं म्हटलं. काडी तिनं बादलीत टाकली. मी बघत होते. कुठं गेलीच नाही ती काडी. तिच्यात काही निघालं नाही, कारण कुणी बघितलंच नाही. मला जायचं होतं."

आईनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. बाबांची काठी हातातून सुटली आणि त्यांनी ती उचलली नाही. मला वाटलं मारतील. मारावं असं वाटत होतं. ते फक्त मागं वळून आपल्या पोरीकडे बघत राहिले.

जेलागात पुढं आली. पुरुषांची रांग बाजूला झाली. माझ्यासमोर उभी राहून तिनं शांतपणे विचारलं, जणू शर्यतीची वेळ विचारतेय, "म्हणजे मी बाई नाही, असं कुणी म्हटलंच नाही?"

"नाही."

"कुणीच?"

"कुणीच नाही गं."

तिनं कोटाच्या बाह्या वर सारल्या. "ताई, तीन महिने मी रोज अंघोळ करताना स्वतःचं अंग तपासतेय," ती म्हणाली. "त्यांना काय सापडलं ते शोधतेय. आणि मला सापडायलाही लागलं होतं."

मग ती तिथंच, बायकांच्या घोळक्यात, गवतावर बसली, आणि तापकिगेनबाबा, जे तीस वर्षांत बायकांमध्ये बसले नव्हते, हॅट काढून तिच्याशेजारी बसले.